वाफसा येईना, पाणी हटेना : खोऱ्यातल्या चिकण जमिनींचे प्रश्न

पाऊस उघडून महिना झाला की मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्याकडच्या पत्रांचा सूर एकच असतो : शेजारच्या वरकस जमिनीत औत फिरतंय आणि आमच्या खाचरात अजून पाय रुततोय. दौंड, शिरूर, इंदापूरकडची तक्रार वरवर वेगळी, पण मुळाशी तीच. म्हणून या अंकात फक्त चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, आणि चिकण जमिनींचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : पवन मावळात डोंगराच्या पायथ्याशी सव्वा एकर खाचर आहे. इंद्रायणी भात चांगला होतो. कापणीनंतर हरभरा करावा म्हटलं, तर डिसेंबर उजाडला तरी वाफसा येत नाही, जमीन औत घालण्याजोगी सुकत नाही. फूटभर खणलं की निळसर-राखाडी माती लागते, तिला कुजका वास येतो. ही माती मुळातच खराब आहे का? दोन ट्रॉल्या शेणखत टाकून सुधारेल का?

माती खराब नाही, कोंडलेली आहे. आणि शेणखताने कोंडी फुटत नाही.

ही माती आली कुठून ते आधी पाहू, कारण उपाय त्यातच आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा, बेसॉल्ट. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. उतारावर पावसाचं पाणी थांबत नाही, ते कातळातून सुटलेले क्षार आणि सिलिका धुऊन नेतं. मागे उरतो तांबूस मुरूम आणि केओलिनाइट नावाची, फारशी न फुगणारी माती. धुऊन नेलेला माल खोऱ्याच्या तळाशी येतो आणि पाण्यासकट तिथेच अडकतो. त्या कोंडलेल्या, क्षारयुक्त पाण्यात स्मेक्टाइट घडतं. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणजे निचरा नव्हता म्हणून ही माती घडली, आणि ती घडल्यावर उरलासुरला निचराही बंद झाला. मावळात पाऊस मोठा असल्याने तुमच्याकडे दोन्ही मातींची सरमिसळ असणार. दौंडच्या काळ्या मातीइतकी ती फुगणार नाही, पण पायथ्याच्या खाचरात पाणी तितकंच धरून ठेवील.

निळसर रंगाचं कारणही हेच. साचलेल्या पाण्यात मुळं आणि जिवाणू प्राणवायू संपवतात. मग जिवाणू मातीतल्या लोहावर गुजराण करतात. तांबूस लोह विरघळणारं होतं, हलतं, आणि मागे राखाडी माती राहते. खणलेल्या भिंतीकडे नीट पाहा : राखाडी मातीत जुन्या मुळांच्या वाटेने गंजासारख्या नारिंगी रेषा दिसतील. तिथून पुन्हा हवा आत गेलेली असते. या नारिंगी रेषा जिथून सुरू होतात, तिथपर्यंत पाणी दरवर्षी कित्येक आठवडे उभं असतं. निचऱ्याचा चर किती खोल हवा, हे ती भिंतच सांगते. सुमारे १.२ मीटर खोल खड्डा घेऊन ही उंची टेपने मोजून लिहून ठेवा.

आता खरा प्रश्न : पाणी येतंय कुठून? खाचरात तीन ठिकाणी, म्हणजे डोंगराकडच्या बांधाजवळ, मधोमध आणि खालच्या बांधाजवळ, दीड मीटर खोल भोकं पाडून त्यात दोन इंची पीव्हीसी पाईप उभे करा. पाईपला खालच्या एक मीटरभर बारीक छिद्रं पाडा, बाहेरून जुनं सुती कापड गुंडाळा, तोंडाला झाकण लावा. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा काठी घालून पाण्याची पातळी मोजा. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी डोंगराकडचा पाईप भरलेलाच असेल, तर ती उपळ आहे : डोंगरातलं पाणी मुरमातून उतरतं, पायथ्याच्या चिकण मातीला अडतं आणि वर फुटतं. तिन्ही पाईप सारख्याच संथपणे उतरत असतील, तर ते तुमच्याच खाचरावर पडलेलं पावसाचं पाणी आहे. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि लोक बहुतेक वेळा चुकीच्या जागी चर खणतात.

उपळ असेल तर चर खाचरात नको, खाचराच्या वर हवा. उतार जिथे मोडतो तिथे, उताराला आडवा, खालच्या मुरमापर्यंत पोचेल इतका खोल. साधारण एक ते दीड मीटर. चिकण थरातच थांबलेला चर बांधावरून वाहणारं पाणी नेईल, आतलं नेणार नाही. तळाला १०० फुटांना ४ ते ६ इंच उतार ठेवा. त्याहून कमी ठेवला तर गाळ बसतो, फार जास्त ठेवला तर तळ खरवडतो. उघडा चर ठेवणार असाल तर बाजू उभ्या कापू नका. जितकी खोली तितकं तिरकस घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कडा ढासळून चर बुजतो. बुजवून वरून वापरायचा असेल तर तळाला छिद्रांचा पाईप, भोवती खडी, आणि खडीभोवती न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड. या कापडात काटकसर करू नका. त्याच्याशिवाय खडी दोन-तीन वर्षांत गाळाने भरते. आणि चराचं तोंड ओढ्यातच सोडा. शेजाऱ्याच्या खाचरात सोडलेलं पाणी भांडण होऊन परत येतं.

पावसाचंच पाणी असेल तर कापणीआधी ८ ते १० दिवस बांध फोडून पाणी काढा, आणि कापणी होताच दर ८-१० मीटरवर फूटभर खोल चर काढून ते खालच्या मुख्य चराला जोडा. नांगरट करू नका. चिखलणीने ५ ते ८ इंचांवर जो दाबलेला थर तयार होतो, तो ओल्यात नांगरल्याने आणखी घट्ट होतो आणि ढेकळं विटांसारखी निघतात. हरभऱ्याला उभं पाणी अजिबात सोसत नाही. पहिल्या वर्षी वाल किंवा मसूर, तेही भाताच्या धसकटांत न नांगरता टोबून पाहा. सगळ्यात खालचं खाचर मात्र भातालाच ठेवा. तिथे पाण्याशी झगडण्यात पैसा घालवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : याच भागात भात आहे. युरिया दोनदा फोकूनही पीक पिवळं राहतं. (नाणे मावळ)

पाण्यावर फोकलेला युरिया वरच्या पातळ, हवेशीर थरात नायट्रेट होतो, ते खालच्या प्राणवायू नसलेल्या थरात उतरतं आणि वायू होऊन उडून जातं. खत कमी पडत नाही, ते उडून जातं. त्यामुळे युरिया-डीएपीच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, खोल खोचा. लावणी १५-२५ सें.मी. अशी आलटून-पालटून जोडओळीत करा, चार चुडांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल, लावणीच्याच दिवशी. एकरी सुमारे २५,००० गोळ्या, म्हणजे ६८ किलो लागतात. खोलवर अमोनियम तसंच टिकतं, मुळं त्याच्यापर्यंत पोचतात. गोळी वरवर ठेवली तर फोकल्यासारखंच होतं.

प्रश्न : चिकण माती मोकळी करायला नदीची वाळू मिसळली तर चालेल का? बागेत करतात तसं.

कुंडीत चालेल. शेतात हिशेब करून पाहा. एक एकर, १५ सें.मी. खोली म्हणजे सुमारे ६०० घनमीटर माती. तिच्यातला चिकण अंश ५५ टक्क्यांवरून ३५ वर आणायला ३४० घनमीटरच्या वर वाळू लागेल, म्हणजे १२० ब्रास. त्याहून थोडी वाळू घातली तर उलट नुकसान होतं : वाळूचे कण चिकण मातीत सुटे सुटे रुतून बसतात आणि वाळल्यावर तो गोळा कॉंक्रीटसारखा घट्ट होतो. वाळूचे पैसे चराला वापरा.

प्रश्न : दौंडकडे कालव्याखाली ऊस आहे. मधला अर्धा एकर चोपण झालाय, उगवणच होत नाही. गेल्या वर्षी एकरी दहा गोणी जिप्सम टाकलं. काही फरक नाही. जिप्सम बनावट असेल का?

बनावट असण्यापेक्षा ते अपुरं पडलं आणि त्याला वाट नव्हती, ही शक्यता जास्त.

आधी जमीन खारवट आहे की चोपण, ते ओळखा. पृष्ठभागावर पांढरा थर, माती भुसभुशीत : क्षार जास्त, खारवट. पृष्ठभाग काळसर, तेलकट, वाळल्यावर दगडासारखा, साचलेलं पाणी दिवसेंदिवस गढूळच : सोडियम जास्त, चोपण. घरी खात्री करायची असेल तर हरभऱ्याएवढा वाळलेला खडा काचेच्या पेल्यात, पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. खडा ढासळून तळाशी ढीग झाला पण वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर सोडियमचा त्रास फारसा नाही. खड्याभोवती दुधाळ धूर पसरत जाऊन दुसऱ्या दिवशी सगळं पाणी गढूळ झालं, तर माती विखुरते आहे, चोपण आहे. ही चाचणी बोअरच्या पाण्यात करू नका, त्यातले क्षार माती विखुरू देत नाहीत आणि चाचणी फसते. मग प्रयोगशाळेतून तीन आकडे घ्या : सामू (पीएच), क्षारता आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमचं प्रमाण. क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर म्हणजे क्षारयुक्त. सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर म्हणजे चोपण. क्षारता आणि सोडियम दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त चोपण. नमुना पांढऱ्या पापुद्र्याचा नको. पापुद्रा खरवडून ०-२०, २०-४० आणि ४०-६० सें.मी. असे तीन वेगळे नमुने द्या.

आता जिप्समचा हिशेब. काळ्या मातीची धन विनिमय क्षमता, म्हणजे कॅल्शियम-सोडियमसारखे धनभारित कण धरून ठेवण्याची ताकद, मोठी असते, १०० ग्रॅमला ५० मिलीइक्विव्हॅलंट धरू. सोडियम २५ टक्क्यांवरून १० वर आणायचा आहे, तर वरच्या २० सें.मी. थराला शुद्ध जिप्सम हेक्टरी सुमारे १७ टन, म्हणजे एकरी पावणेसात टन लागतं. दहा गोणी म्हणजे अर्धा टन. हलक्या जमिनीची शिफारस काळ्या जमिनीला लावली की असं होतं. पावणेसात टन एका वर्षात घालायचं नसतं; निम्मं पहिल्या वर्षी, पुन्हा तपासणी, मग पुढचं. जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं. १ किलो जिप्समच्या जागी सुमारे १९० ग्रॅम गंधक पुरतं, पण त्याचं आम्ल जिवाणू करतात, त्यांना ओल, ऊब आणि हवा हवी. चिबडलेल्या जमिनीत गंधक नुसतं पडून राहतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला बाहेर काढतं. निघालेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. तुमच्याकडे भूजल तीन-चार फुटांवर उभं असेल तर तो तिथेच राहतो आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाबरोबर पुन्हा वर येतो. साध्या पाण्यात जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं. एक टन विरघळायला चार लाख लिटर, म्हणजे एकरावर १० सें.मी. पाणी आरपार गेलं पाहिजे. जाणार कुठे? म्हणून आधी निचरा, नंतर जिप्सम. हा क्रम उलटा करू नका.

निचऱ्याला ८० मि.मी. व्यासाचे पन्हाळीदार सच्छिद्र पीव्हीसी पाईप, कापडी फिल्टर गुंडाळलेले, सुमारे १.२ मीटर खोलीवर. दोन ओळींतलं अंतर भारी जमिनीत २० ते ३० मीटर. २५ मीटरने एकरी १६० मीटर पाईप बसतो. काम एप्रिल-मेमध्येच. ओल्या मातीत खणलं तर बकेट चराच्या भिंतींना लिंपून टाकते आणि पाणी पाईपपर्यंत पोचत नाही. पाईप तोंडाकडून वर टाकत न्यायचा, लेव्हल दर काही मीटरवर तपासायची. मधे एखादी जागा दोन इंच खाली गेली तरी तिथे गाळ बसतो. तोंड ओढ्याच्या पुराच्या पातळीपेक्षा वर असलंच पाहिजे. ते शक्य नसेल तर विहिरीसारखा हौद करून पंपाने पाणी उचलावं लागतं, आणि तो खर्च आधीच धरा. अर्ध्या एकरासाठी एकट्याने हे करणं महागात पडतं. चोपण पट्टा शेजारच्या बांधापलीकडेही गेलेला असतो. चौघांनी मिळून एकच मुख्य पाईप टाकणं शहाणपणाचं.

जिप्सम बारीक दळलेलं, मेअखेर पसरून वरच्या १५-२० सें.मी. मातीत मिसळा, म्हणजे पावसाळा धुण्याचं काम करील. त्यावर धैंचा हे हिरवळीचं खत, एकरी २० किलो बी, ४५ ते ५० दिवसांनी फुलोऱ्यात गाडा. ताग नको, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. आणि ऊस परत घ्याल तेव्हा पाटपाणी बंद, ठिबक. पाटपाण्यानेच हे झालं आहे.

प्रश्न : पाईपऐवजी मोल नांगराने निचरा स्वस्त होतो म्हणतात. खरं का?

खरं, पण प्रत्येक जमिनीत नाही. गोळीसारखा लोखंडी नांगर ५० ते ६० सें.मी. खोलीवर ओढून, दर ४ मीटरवर सुमारे ७ सें.मी. व्यासाचं बोगद्यासारखं भोक पाडतात. चिकण अंश ३५ टक्क्यांच्या वर हवा. वाळूचा पट्टा किंवा गोटे लागले की बोगदा तिथेच ढासळतो. ओढताना तळाची माती हातात वळून सुतळीएवढी काडी होईल इतकी ओलसर आणि वरचा थर कोरडा हवा. सगळंच कोरडं असेल तर भोक तडकतं, सगळंच ओलं असेल तर ट्रॅक्टर घसरतो आणि वरून पाणी झिरपायला भेगा पडत नाहीत. आयुष्य तीन ते पाच वर्षं. वरच्या प्रश्नातली पेल्याची चाचणी करा : पाणी दुधाळ झालं तर मोल नको, पहिल्याच पावसाळ्यात बोगदा विरघळून बंद होईल.

प्रश्न : मुळशी खोऱ्यात प्लॉट आहे. आंब्यासाठी ३ × ३ × ३ फुटांचे खड्डे मुरूम, शेणखत आणि पोयटा घालून भरले. पहिलं वर्ष छान, दुसऱ्या पावसाळ्यात निम्मी कलमं गेली. त्याच प्लॉटवर घरही बांधायचं आहे. काळी माती आहे, भिंती तडकतील असं सगळे सांगतात.

दोन्हींचं दुखणं एकच. चिकण मातीत खणून मोकळ्या मालाने भरलेला खड्डा म्हणजे न गळणारा हौद. भोवतालच्या जमिनीवरचं पाणी त्यात उतरतं आणि मुळं आठवडेच्या आठवडे बुडून राहतात. मेलेलं एक कलम उपटून पाहा. तांबूस-पांढऱ्या मुळांच्या जागी साल सुटणारी काळी मुळं मिळतील. पुढची लागवड खड्ड्यात नको, जमिनीवर करा : दीड ते दोन फूट उंच आणि सहा-सात फूट रुंद गादीवाफा, उताराच्या दिशेने, तिथल्याच वरच्या मातीत शेणखत मिसळून. दोन गादीवाफ्यांमधली सरी ओढ्याकडे उतरती. जिवंत कलमांच्या खड्ड्यांना उताराच्या बाजूने चर फोडून वाट द्या, हे या आठवड्यातच.

घराचं म्हणाल तर आधी तपासा. मोठ्या पावसाच्या मुळशीत काळी दिसणारी प्रत्येक माती फुगणारी नसते. मुक्त फुगवटा चाचणी सोपी आहे : ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळलेली १०-१० ग्रॅम कोरडी माती दोन मापनळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, २४ तास. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातलं आकारमान रॉकेलपेक्षा निम्म्याहून कमी वाढलं तर धोका कमी, दुप्पट किंवा अधिक झालं तर माती फार फुगणारी. नमुना पायाच्या खोलीवरचा द्या, वरचा नको.

मुरूम किंवा कातळ दीड-दोन मीटरवर असेल, आणि खोऱ्याच्या कडेला तो बहुधा असतो, तर पाया सरळ त्यावर न्या. काळी माती खोल असेल तर फुगीर टोकाचे अंडर-रीम्ड पाईल, साधारण साडेतीन मीटर खोल, कारण तिथे ऋतूप्रमाणे ओल कमी-जास्त होत नाही, ३०० मि.मी. खांबाला ७५० मि.मी. फुगवटा. जोत्याची बीम मातीला टेकू देऊ नका, खाली ७५-८० मि.मी. पोकळी ठेवा. ही पोकळी विसरली की पाईलचा खर्च वाया जातो, माती बीमलाच वर ढकलते. फरशीखाली न फुगणाऱ्या मुरमाचा, थराथराने ठोकलेला सुमारे एक मीटर भराव. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी मांडलेली ही पद्धत कालव्यांखालीही वापरली गेली आहे. घराभोवती दोन मीटर रुंद, बाहेर उतरती फरसबंदी, आणि पन्हाळीचं पाणी थेट पाईपने दूर. पायाचे खड्डे मे महिन्यात उघडे ठेवून भेगाळू देऊ नका. खणलं की लगेच भरा.

प्रश्न : आमची जमीन ज्वालामुखीची, मग ती जावा-जपानसारखी सुपीक का नाही? जुन्नरकडे तर ज्वालामुखीची राखही सापडते म्हणे. (नारायणगाव)

राख सापडते हे खरं. कुकडीकाठी बोरी बुद्रुकला तिचा थर उघडा दिसतो आणि तिचं रासायनिक साम्य सुमात्राच्या तोबा ज्वालामुखीशी आहे. वयाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण तो एक पातळ थर आहे, तुमची माती त्याची नाही. जपान-जावाच्या राखेच्या मातीत पाणी झरझर उतरतं, ती हाताला हलकी लागते आणि स्फुरद घट्ट धरून ठेवते. तुमची माती लाव्ह्याच्या कातळाची आहे, ती जड आहे आणि पाणीच धरून ठेवते. त्यामुळे राखेच्या जमिनीचं खत-वेळापत्रक वाचून ते इथे लावू नका. सोयाबीन घेत असाल तर रुंद वरंबा-सरी यंत्राने पेरा : मीटरभर रुंद वरंबा, अर्धा मीटर सरी, सरीला हलका उतार. पावसाळ्यात पानं शिरांमध्ये पिवळी पडली तर ते बहुधा लोहाचं दुखणं असतं. साचलेलं पाणी आणि चुनखडी मिळून लोह अडवतात. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, निम्मा चुना घालून, संध्याकाळी फवारा. पण आधी सरीचं तोंड मोकळं आहे का ते पाहून या.